श्यामलालची हाक

आंबागडच्या पहाडीखालच्या हिवरटोलीची ढोरं यंदा दिवाळीनंतर बिघडली. बिघडली म्हणजे आजारी पडली असं नाही. चरत होती, रवंथ करत होती, दूधही देत होती. फक्त दुपार कलली की चरता चरता माना वर करायची आणि कुणी बोलावणं धाडल्यासारखी सगळीच्या सगळी सालईखोरीकडे चालू लागायची. आता सालईखोरीत ढोरं न्यायची नाहीत असं गावानं याच वर्षी एकमतानं ठरवलं होतं. हिवरटोलीनं एकमतानं काही ठरवावं हेच मोठं नवल होतं, आणि ते ढोरांनी मोडावं म्हणजे हद्द झाली.

ठरवताना सगळ्यांत मोठा आवाज बायाबाईचा होता. तिचा नवरा श्यामलाल गावाचा गायकी. गावाबाहेरच्या आखरावर सकाळी घरोघरची ढोरं जमायची, ती रानात चारून आणायची आणि सांजेला ज्याची त्याच्या दारात सोडायची, हे काम त्यानं तीस वर्षं केलं. गेल्या वर्षी फाल्गुनात सालईखोरीत वाघिणीनं एक वासरू धरलं. श्यामलाल काठी घेऊन आडवा गेला. वाघिणीनं वासरू सोडलं आणि त्याला धरलं.

त्याच्यामागं दुसरा गायकी गावाला मिळेना. मुलगा मुन्ना वरठीला कारखान्यात जात होता, त्याला लोकांनी घरी येऊन गळ घातली. बायाबाईनं त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं, आल्यागेल्याचा उद्धार केला, पण ढोरं दावणीला बांधून जगत नाहीत हे तिलाही माहीत होतं. मुन्नानं बापाची काठी घेतली. तेव्हापासून रोज संध्याकाळी पोरगा नजरेला पडेपर्यंत तिच्या घशाखाली पाणी उतरत नसे.

म्हणून वनरक्षक रीता म्याडम चराईचा आराखडा करायला आल्या, तेव्हा बायाबाई समाजमंदिरात सगळ्यांच्या पुढं जाऊन बसली. रीता एकोडीची, धानाच्या बांधीत वाढलेली पोरगी. तिनं फरशीवर खडूनं सगळं रान काढलं आणि त्याचे तीन तुकडे केले. बोडीखालचं, म्हणजे गावतळ्याखालचं गवतान आणि पहाडीचा उतार आळीपाळीनं चारायचे. एक चारला की दुसऱ्याला विसावा, म्हणजे गवताला बी धरायला सवड मिळेल. तिसरा तुकडा सालईखोरी, तो उन्हाळा सरेपर्यंत बंद.

"खोरीतच त पानी रायते," सोमाजी म्हणाला. सोमाजी गायक्यांच्या घरांतला वडीलधारा, आणि नव्या गोष्टीला आधी नाही म्हणायचं हा त्याचा शिरस्ता. "आमचे बापजादे तिथंच ढोरं पाजत होते."

"पाणी राहते म्हणूनच बंद, काका. चितळं, रोही, सारे तिथंच उतरतात, अन् त्याईच्या मागं ती. यंदा तिच्यापाशी दोन पिल्लं आहेत. तिचं पोट तिथं भरलं त ती गावाकडं कायले येईल?"

सोमाजी आणखी काही बोलणार तोच बायाबाई उभी राहिली. "खोरी बंद म्हणजे बंद. एक माणूस देला मी तिले. आता पोरगा देऊ काय? ज्याले तिथं ढोरं न्यायची आहेत त्यानं काठी घ्यावं अन् सोता जावं." आराखडा ठरला.

आणि ज्या बाईनं खोरी बंद केली, तीच बाई तिथं जात राहिली.

त्याचं असं आहे. गायकी रानात मेला तर तो पडला त्या जागी दगड मांडायचा, ही हिवरटोलीच्या गायक्यांची रीत. त्या दगडाला नारळ नाही, गुलाल नाही. गायकी जितेपणी ढोरांना जे हातानं भरवायचा तेच त्याला द्यायचं, म्हणजे खडा मीठ. मीठ ठेवताना त्याची हाक मारायची. प्रत्येक गायक्याची हाक निराळी असते आणि ढोरांना ती पक्की ठाऊक असते. हाका दोन. एक जमवायची, लांब, शेवटी वर चढणारी. दुसरी घरी परतायची, आखूड, तीनदा. दगडापाशी जमवायचीच मारायची. परतायची मारली तर गेलेल्याला वाटतं दिवस संपला, आणि मग तो कायमचा निघून जातो. सोमाजीनं दगड मांडतानाच हे बायाबाईला बजावलं होतं.

तिला बजावायची गरज नव्हती. त्याला घालवायची तिला मुळी इच्छाच नव्हती. दर अवसेला ती दुपारची बोडीच्या पाळीवरून आडवाटेनं खोरीत उतरायची, पदरातलं मूठभर मीठ दगडावर ठेवायची, तीस वर्षं ऐकलेली हाक मारायची आणि रीता म्याडमच्या नजरेला पडू नये म्हणून लगबगीनं परत यायची. आराखडा झाल्यावरही तिनं हे सोडलं नाही. बंदी ढोरांना होती. मी काय तिथं चराले जातो, असं ती मनाशी म्हणायची.

दिवाळी झाली, गायगोधन झालं, आणि ढोरं खोरीकडे वळू लागली. मुन्ना रोज रडकुंडीला येऊन सांगायचा. "माय, मी आडवा होतो, काठी उगारतो, तरी आयकत नाही. जनू कोनी नेऊन राहिलं."

"तुले काही आयकू येते काय?" बायाबाईनं विचारलं.

मुन्नानं भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली पाहतच म्हणाला, "नाही."

पण गावाला सांगायची गरज नव्हती. गावानं ओळखलंच. श्यामलाल आपली ढोरं बोलावून राहिला, म्हातारीकोतारी म्हणू लागली. संध्याकाळी ढोरं परत येताना बायका दारं ओढून घेऊ लागल्या. बायाबाईनं मात्र दार लावलं नाही. ती अंगणात उभी राहून परत येणाऱ्या प्रत्येक गाईच्या मानेवरून हात फिरवायची. गळ्याच्या लोंबत्या पोळीखाली श्यामलाल जिथं खाजवायचा तिथं बोटं रुतवायची. कातडी ऊन लागली की तिला वाटायचं, आत्ताच त्याचा हात इथून निघाला असणार. तिला भीती वाटत नव्हती असं नाही, अंगावर काटा यायचा. पण दीड वर्षात तिला एवढं बरंही कधी वाटलं नव्हतं.

मग ती अवसेची वाट पाहीना. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड जाऊ लागली. मुठीची ओंजळ झाली. ती गेली नाही त्या दिवशीही ढोरं खोरीत जातच होती, म्हणजे बोलावणारा दुसरा कुणी होता, एवढा हिशोब तिला पुरेसा होता. तिची हाक पहाडी ओलांडून पलीकडे जात असेल हे तिच्या मनातही आलं नाही. तिला तो हवा होता, म्हणून तिनं फार खोलात जाऊन पाहिलं नाही.

मार्गशीर्ष लागला आणि एका सकाळी रीता घरी आली. आल्या आल्या ओट्यावर बसली, पाणी मागितलं आणि ते पिण्याआधीच बोलू लागली.

"मावशी, मुन्ना कुठं आहे? त्याले सांगा, ढोरं आवर. काल मी खोरीच्या तोंडावरून पाह्यलं. चितळं, रोही, सगळं त्या दगडापाशी जमून राहिलं. इतके मी तिथं कधी नाही पाह्यले. अन् ती वरच्या कपारीत बसली होती, पिल्लाईले घेऊन. जवळ जायची माही हिंमत नाही झाली. आता ती जागा सोडनार नाही मावशी. मुन्ना तिथं ढोराईच्या मांगं गेला त..." तिनं पुढचं वाक्य पाण्याबरोबर गिळलं.

बायाबाई धास्तावली. आणि त्याच वेळी, लाज वाटावी अशी गोष्ट, तिला अभिमानही वाटला. जंगलाची जनावरं सुद्धा त्याच्या हाकेला येतात! पण रीता गेल्यावर नुसती धास्तीच उरली. तिला एकदम कळलं की श्यामलाल ढोरांना बोलावतोय, आणि ढोरांच्या मागून तिचा पोरगा चालत जातोय. मेलेल्या माणसाला हे कुठलं कळणार? त्याला कुणीतरी सांगायला हवं.

सांगायला तिच्याशिवाय होतं कोण?

त्या दिवशी तिनं मिठाची पुडीच्या पुडी कमरेला खोवली. आज लगेच परतायचं नाही, तो येईपर्यंत थांबायचं आणि समोर जाऊन सांगायचं, असं ठरवूनच ती निघाली. काय बोलायचं तेही तिनं वाटेत जुळवलं. ढोरं पाह्यजेत त घे, मले बोलाव, मी येतो. पोराले नको बोलावू.

खोरीत वारा नव्हता. सालईची पांढरी खोडं उन्हात उभी होती आणि ओढ्यात पाण्याचा एक डोह तेवढा उरला होता. दगडाभोवतीची माती खोलगट झाली होती, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. सगळं मीठ तिनं दगडावर ओतलं. हाक मारली. घशातून आली ती त्याचीच हाक होती, तिची तिलाच ओळखू येईना. मग ती ऐनाच्या खोडामागं जाऊन बसली.

बराच वेळ काही झालं नाही. नंतर पहाडीवरून ढोरांच्या गळ्यातल्या लाकडी घाट्यांचा खडखडाट ऐकू आला. ढोरं चालत नव्हती, धावत होती. धुरळा उठला आणि त्या धुरळ्याच्या मागं एक माणूस दिसला, डोक्याला दुपट्टा, खांद्यावर काठी, श्यामलालसारखाच डाव्या पायावर जरा जास्त भार देऊन चालणारा. बायाबाई उठून उभी राहिली. जुळवलेलं सगळं ती विसरली. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "आले काय तुमी?"

धुरळा बसला. तो मुन्ना होता.

पुढच्या गाई तिच्या अंगाला घासून गेल्या. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, कुणी कुणाला शोधलं नाही. एकमेकींना ढुशा देत त्या दगडावर पडल्या आणि चाटू लागल्या. ज्यांना दगड मिळाला नाही त्या माती चाटू लागल्या. खरबरीत जिभांचा आवाज येत होता. बायाबाई पाहत राहिली आणि तिच्या लक्षात आलं. इथं श्यामलाल नव्हता. एक दिवसही नव्हता. मीठ होतं, तिनंच आणलेलं. हाक होती, तिचीच. ढोरं, चितळं, रोही, सगळ्यांना तिनं एका जागी आणून उभं केलं होतं आणि त्यांच्या मागून वाघिणीलाही. जी जागा तिनं भांडून बंद केली, तिथंच पंगत तिनंच मांडली होती.

"माय?" मुन्नाचा चेहरा उतरला होता. "तू हाय?"

ती काही बोलण्याआधी वरच्या झाडावर वानर खेकसलं. दुसरं खेकसलं. डोहापलीकडचं गवत हललं, एवढंच तिनं पाहिलं. मग कडेच्या एका कालवडीचा आवाज आला आणि मध्येच तुटला. मुन्ना काठी उगारून तिकडे धावला. अगदी बापासारखा, विचार न करता. बायाबाईनं मागून त्याचा सदरा धरला, सदरा फाटला तशी त्याच्या कमरेला मिठी मारली.

"सोड माय! नेऊन राहिली ते तिले!"

"नेऊ दे! नेऊ दे तिले!"

गवतात ओढत नेल्याचा आवाज दूर जात होता. बाकीची ढोरं बिथरून गोल फिरत होती, पण मिठापासून हटत नव्हती. मुन्नानं आपली हाक मारली, आवाज फाटला, एकाही जनावरानं कान हलवला नाही. ढोरं सोडून तो निघणार नाही हे बायाबाईला कळत होतं. तोही त्याच घरचा होता. आणि कपारीकडून पुन्हा काहीतरी खाली उतरत होतं, सावकाश.

एकच हाक ढोरांनी ऐकली असती, आणि ती या दगडापाशी मारायची नव्हती. इथं कुणी नाही हे तिनं आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी तिचं तोंड उघडेना. कुणीच नसलेल्या माणसाला घालवून द्यायला एवढं जड जावं? पण जात होतं. मिठीत पोराचं काळीज धडधडत होतं. तिनं डोळे मिटले आणि परतायची हाक मारली. आखूड, तीनदा.

म्होरक्या गाईनं तोंड वर केलं आणि ती वळली. तिच्यामागं दुसरी वळली. मग सगळा कळप घराच्या वाटेला लागला. मुन्नाही वळला. त्यानं ठरवून पाय उचलला नव्हता, लहानपणापासून त्या हाकेसरशी तो घरी परतलेला होता. बायाबाई सगळ्यांच्या शेवटी चालत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही आणि खोरीतून बाहेर पडेपर्यंत ती मोठ्यानं रडत होती.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात लोक जमले. गेली ती कालवड सोमाजीची होती, आणि तो श्यामलालच्या शांतीचा विषय काढत होता. बायाबाईनं त्याला थांबवलं.

"भाऊजी, शांती कायची करता? तो नाही तिथं. मीठ मीच नेत होतो. हाकबी माहीच होती."

रीता बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "मावशी, आता तुम्ही जाणं बंद केलं तरी नाही भागत. मीठ मातीत जिरलं. ढोरं वर्ष-दोन वर्ष तिथं येतच राहतील. माती खोदून न्यावी लागन. अन् दगडबी."

"न्या," बायाबाई म्हणाली.

वनखात्याची माणसं फटाके लावत, ढोल बडवत खोरीत गेली, कमरेइतकी माती खणून ट्रॅक्टरनं बाहेर नेली. दगड सोमाजीनं स्वतः आखरावर आणून ठेवला. पण श्यामलाल तिथं पडला नव्हता, म्हणून त्याला कुणी मीठ वाहिलं नाही, आणि पोरं त्यावर बसून आपापल्या ढोरांची वाट पाहू लागली. पौष निम्मा सरेपर्यंत ढोरांची खोड मोडली. खोरीच्या तोंडावरून कळप जायचा तेव्हा एकही मान वर होत नसे. आराखडा जसा फरशीवर काढला होता तसा रानात उतरला, आणि उतारावरच्या गवताला बी धरलं. रीतानं सगळ्यांसमोर मुन्नाचं कौतुक केलं. पोरगा आता वेळेवर घरी येत होता. बायाबाईला याहून जास्त काही मागायचं नव्हतं, निदान ती तसं म्हणायची.

एका संध्याकाळी ढोरं दारोदार सोडून मुन्ना घरी आला. बायाबाईनं ताटात भात वाढला. त्यानं कालवला, पण घास उचलला नाही.

"माय, तू इचारलं होतं, काही आयकू येते काय मनून. मी नाही म्हनलो."

बायाबाईनं पळी खाली ठेवली.

"येत होतं. पहाडीच्या पलीकडून. खोरीत घुमून बाबासारखंच वाटे." तो ताटाकडे पाहूनच बोलत होता. "ढोरं आवरत नव्हती असं मी तुले सांगे. खरं सांगू? ज्या दिवशी हाक येई, त्या दिवशी मी आवरतच नव्हतो. मले वाटे, जाऊ दे. बाबा पुढं हाय, आपन मांगं हाय. पयल्यासारखं."

चुलीत लाकूड सरकलं. बायाबाईला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण तिचे हात भाताचे होते. तिला वाटलं होतं, ती एकटीच त्याला जिवंत ठेवून होती.

"माय."

"काय?"

"एक डाव मार ना ते हाक. जमवायची. इथंच, घरात. दार लावतो मी."

बायाबाईनं श्वास आत घेतला. हाक घशापर्यंत आली, तिला ती तिथं जाणवली. कुडाच्या पलीकडे गोठ्यात घरची गाय शेपटीनं माश्या उडवत उभी होती, आणि शेजारच्या गोठ्यात शेजारची.

"हळू मार," मुन्ना म्हणाला.

"नाही रे राजा," ती म्हणाली. "ढोरं आयकतील."